कुत्रं त्यांचं, इंजेक्शनं आपल्याला : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

मागच्या अंकात उतारे आणि वाटणीच्या प्रश्नांना उत्तरं दिली तेव्हा वाटलं होतं आता पुढचे दोन-तीन अंक जमिनीतच जाणार, पण यावेळी पत्रं काय न् व्हॉट्सअ‍ॅप काय, सगळीकडं कुत्रीच कुत्री. ज्यांना चावलं त्यांची पत्रं आहेत तशी ज्यांचं कुत्रं चावलं त्यांचीपण आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांची तक्रार एकच, की समोरचा ऐकूनच घेत नाही. सगळी छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय, सगळी आपल्या बेळगाव भागातलीच.

प्रश्न (वडगाव) : सर, आमच्या गल्लीत एकांनी मुधोळ जातीचं कुत्रं पाळलंय. आमचा पोरगा चौथीत आहे, ट्यूशनवरून पळत घरी येताना ते उघड्या गेटातून बाहेर आलं आणि पोटरीला चावलं, चार दात लागलेत. मालक पहिल्यांदा सॉरी म्हणाले, इंजेक्शनला पाचशे रुपये दिले, आणि आता म्हणालेत की तुमच्या पोरानंच दगड मारला असणार, आमचं कुत्रं कधी कुणाला काय करत नाही. पोलिसात गेलो तर गल्लीतली गोष्ट आहे, मिटवून घ्या म्हणाले. आम्ही मागावर काम करणारी माणसं, कोर्टकचेरी परवडणार कशी?

उत्तर : ताई, कायदा नंतर, आधी मला सांगा पोराची इंजेक्शनं पूर्ण झालीत का. पाचशे रुपये हातात पडले, एक इंजेक्शन झालं, जखमेवर खपली धरली की पुढची तारीख लोक विसरतात हे मी फार बघितलंय. दात आत रुतून रक्त आलं म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबात ती तिसऱ्या कॅटेगरीची जखम, तिला नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनपण, म्हणजे तयार अँटीबॉडीचं औषध, टोचावं लागतं. दंडाच्या कातडीत देतात ती लस त्याच दिवशी पहिली आणि मग ३, ७ आणि २८ दिवसांनी, यातली एकही चुकवायची नाही. चावल्या चावल्या नळाच्या धारेखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं असतं, चुना, हळद, मिरचीपूड असलं काही भरायचं नाही. तुमच्याकडं ती वेळ गेली, पण गल्लीत बाकीच्यांना सांगून ठेवा. आणि मालकांना मेसेज करा की कुत्रं १० दिवस बांधून नजरेखाली ठेवा, मेसेजच करा, तोंडी नको, कारण तो मेसेज पुढं कागद म्हणून कामाला येतो. कुत्रं ठणठणीत दिसतंय, त्याचं लसीचं कार्ड आहे, म्हणून पोराचं इंजेक्शन लांबवायचं मात्र नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, इतकं सरळ आहे ते.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी म्हणजे जुनी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातलं कलम २९१ यासाठीच आहे, जुन्या पुस्तकात ते २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ शकतो, आणि तरी तो टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही, मग जाणूनबुजून असो की निष्काळजीपणानं, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड १,००० होता. सोबत कलम १२५ लागू शकतं, म्हणजे निष्काळजीपणानं दुसऱ्याला इजा करणं, त्यालाही साधी जखम असली तर ६ महिन्यांपर्यंत आणि ५,००० पर्यंत दंड.

यात बघा, कुत्रं चावलं का एवढाच प्रश्न नाही. ते कुणाच्या ताब्यात होतं, त्या माणसाला काय ठाऊक होतं आणि त्यानं काय केलं नाही, हे तीन प्रश्न आहेत, आणि माझ्या मते सगळ्या केसेस तिथंच जिंकतात नाहीतर हरतात. आमचं कधी काय करत नाही, पहिल्यांदाच चावलंय, असं मालक सांगणारच. पहिल्यांदा चावलं म्हणून सुटका होते हा एक गोड गैरसमज आहे. आधी चावल्याचं माहीत असेल तर मालकाची बाजू आणखी पडते एवढंच, माहीत नसलं तरी गेट उघडं टाकणं हा निष्काळजीपणा राहतोच. आणि मुधोळ म्हणजे काय आपल्याला कुणी सांगायला नको, बागलकोट जिल्ह्यातलं ते मुधोळ, घोरपड्यांचं संस्थान, तिथलं शिकारी कुत्रं. नजरेनं शिकार धरणारं, पळणाऱ्या सशामागं पळणारं. २००५ साली पोस्टानं त्याचं तिकीट काढलं, पुढं लष्करानंपण ती घेतली, एवढं नावाजलेलं कुत्रं. आता असं कुत्रं हौसेनं आणायचं, चार लोकांत त्याच्या वेगाचं कौतुक सांगायचं, आणि पळणारं पोर बघून ते मागं लागेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणायचं, हे कोर्टात टिकायला अवघड आहे.

दगडाचं म्हणाल तर तो आरोप त्यांनी केलाय, पुरावापण त्यांनीच द्यायचा. पोरानं खरोखर आत जाऊन कुत्र्याला छळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण दगड मारला असेल असं धरून चाललं तरी गेट उघडं का होतं याचं उत्तर त्या दगडात नाही.

तुम्ही आता काय करायचं तर त्या गेटचा फोटो काढा. अशा घरांत बहुतेक वेळा कडी मोडलेली असते आणि तिथं तारेचा एक वेढा अडकवलेला असतो, कुत्र्यानं नाकानं ढकलला की निघतो, तोच फोटो दहा साक्षीदारांचं काम करतो. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असला तर आजच मागा, जुनं फुटेज आपोआप पुसत जातं. दूधवाला, पेपर टाकणारं पोरगं, यांच्या मागं ते कुत्रं आधी लागलं होतं का विचारा. हॉस्पिटलातून वूंड सर्टिफिकेट घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते नीट वाचून घ्या, कारण गडबडीत आपण कुत्रं चावलं एवढंच सांगतो आणि लिहिणारा भटकं कुत्रं असं लिहून मोकळा होतो, मग पुढं मालकाचा वकील तेवढी एक ओळ धरून बसतो. चूक लिहिलं असेल तर लगेच अर्ज देऊन दुरुस्त करून मागा.

पोलिसांचं. कलम २९१ दखलपात्र आहे, म्हणजे तक्रार नोंदवून घेणं त्यांचं काम आहे, मिटवून घ्या हा सल्ला झाला. एफआयआर आपल्याकडं कन्नडमध्ये लिहितात, तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा, सही करायच्या आधी वाचून दाखवणं आणि नंतर फुकट कॉपी देणं जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. तरी घेतली नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं वरच्या अधिकाऱ्यांना पाठवा, ग्रामीणला एसपी आणि शहरात कमिशनर ऑफिस, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. फक्त वर्ष जाऊ देऊ नका, ६ महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट एका वर्षाच्या आतच घेऊ शकतं.

आणि खर्चाची काळजी करू नका. बाई आणि लहान मूल, दोघांनाही कायदा सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, १९८७ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस आहे, जाऊन साध्या कागदावर अर्ज द्या. मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये मी आधी तिथूनच त्यांना नोटीस काढून लोक अदालतीत बसवलं असतं. तिथं ठरलं की ते कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं पक्कं होतं, अपील नाही, फी नाही, आणि एकाच गल्लीत उद्या तोंड बघायचंय ना. इंजेक्शनचा खर्च, रिक्षा, तुमच्या बुडालेल्या रोजाचे पैसे, पोराचा त्रास, व्रण राहिला तर तो, सगळं मागता येतं. पाचशे रुपये घेतले म्हणजे बाकीचा हक्क सोडला असं होत नाही, फक्त सगळं मिटलं अशा कागदावर सही केलेली नसावी. बसणं जमलंच नाही तर दिवाणी दावा, त्याची मुदत साधारण ३ वर्षं, आणि पोर अज्ञान म्हणजे १८ च्या आतलं असल्यानं त्याच्यासाठी ती १८ पूर्ण झाल्यावर मोजतात. पण एवढं थांबायचं कशाला, साक्षीदार गल्ली सोडून जातात.

प्रश्न (टिळकवाडी) : मी रिटायर्ड, घरी मी आणि मिसेस दोघंच, म्हणून जर्मन शेफर्ड पाळलाय. गेटवर मराठी आणि कन्नडमध्ये कुत्र्यापासून सावध असा बोर्ड आहे. मीटर रीडिंगला आलेल्या मुलानं बेल न वाजवता गेट उघडलं, कुत्रा साखळीला होता पण साखळीचा हूक निघाला आणि त्याच्या हाताला चावला. बोर्ड असताना माझी जबाबदारी कशी?

उत्तर : काका, बोर्ड लावलात हे चांगलंच, मोठ्या माणसाला इशारा मिळाला होता असं तुमचा वकील म्हणेल आणि भरपाईचा आकडा थोडा खाली आणायला ते उपयोगी पडेल. पण तोच बोर्ड समोरचा वकील उलटा धरणार, की बघा, कुत्रा चावरा आहे हे यांना पक्कं ठाऊक होतं, दोन भाषांत लिहून ठेवलंय. दुधारी आहे तो. कर्नाटक असो की महाराष्ट्र, बोर्ड लावला की मालक मोकळा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

मीटर रीडर, पोस्टमन, गॅसवाला, दूधवाला ही माणसं तुमच्याच कामाला येतात. त्यांना गेटापासून मीटरपर्यंत यायची परवानगी तुम्ही दिलेलीच आहे असं धरतात, दर महिन्याला तोंडी द्यायला लागत नाही. रात्री दोन वाजता भिंतीवरून उडी मारून आलेला चोर आणि हा मुलगा एका तागडीत बसत नाहीत. तरी चोराच्या बाबतीतही एक सांगून ठेवतो, कुत्रा मोकळा फिरत होता आणि त्यानं धरलं ही एक गोष्ट, आणि छू म्हणून मुद्दाम अंगावर सोडला ही वेगळी. जनावर वापरून जाणूनबुजून दुखापत केली तर ते कलम ११८ मध्ये जातं, हत्यारानं मारल्याच्या ओळीत बसतं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि २०,००० पर्यंत दंड, आणि दुखापत गंभीर असली तर शिक्षा कुठल्याकुठं चढते. भाडेकरूला, वसुलीवाल्याला, भाऊबंदाला घाबरवायला कुत्रं सोडणारे आहेत आपल्याकडं, त्यांनी हे जरा दोनदा वाचावं.

तुमच्या केसमध्ये खरा मुद्दा तो हूक आहे. गंजलेला होता का, आधी कधी निसटला होता का? पावसाळ्यात आपल्याकडं लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नवा असून तुटला असेल तर बिल असल्यास जपून ठेवा, तो तुमचा बचाव. आणि कायमचा साखळीला बांधून ठेवलाय हेही बाहेर अभिमानानं सांगत जाऊ नका, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हापण गुन्हाच आहे. तेव्हा साखळी जाड करण्यापेक्षा मधे दुसरं छोटं गेट करा, बेल बाहेर घ्या आणि जुन्या घरांसारखा मीटर आत व्हरांड्यात असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर हलवायला अर्ज द्या. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर त्याला मोकळा सोडत असाल तर तेही बंद करा बघू, वॉकला येणाऱ्या शंभर माणसांत एकजण तरी कुत्र्याला घाबरून पळतोच आणि मग कुत्रा मागं लागतोच.

त्या मुलाचा सगळा औषधपाण्याचा खर्च आजच द्या. खर्च दिला म्हणजे गुन्हा कबूल केला असं नसतं, उलट न दिलेला खर्चच लोकांना पोलीस स्टेशनला घेऊन जातो. जीपेनं द्या म्हणजे नोंद राहते. कामावर असताना झालेली इजा असल्यानं त्याला कंत्राटदाराकडूनही नुकसानभरपाई मागता येते, पण म्हणून तुमच्यावरचं टळत नाही. आणि पुढच्यासाठी, पाळीव कुत्र्याचा विमा मिळतो, काही पॉलिसींत दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाईपण धरलेली असते, घेताना तेवढी ओळ बघून घ्या.

प्रश्न (बाची) : मी रोज शिनोळीला कामाला जातो. रात्री परत येताना शिनोळीच्या हद्दीत एका हॉटेलवाल्याचं कुत्रं गाडीमागं लागलं, मी पडलो, गळपट्टीचं हाड मोडलं. कुत्रं चावलं नाही. ट्रीटमेंट बेळगावात. इकडचे पोलीस म्हणतात ते महाराष्ट्रात झालंय तिकडं जा, हॉटेलवाला म्हणतो चावलंच नाही तर केस कसली. सीमाभागात राहतो म्हणजे आम्ही कुणाचेच नाही काय?

उत्तर : दादा, सीमेचं दुखणं वेगळं आणि हाडाचं वेगळं, इथं हाडाचंच बघू, ते सोपं आहे. चावायलाच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही. जनावरापासूनचा धोका म्हणजे फक्त दात नाहीत, रस्त्याकडेच्या हॉटेलचं कुत्रं रोज गाड्यांमागं पळतंय आणि मालक काउंटरवर बसून बघतोय, हे पुरेसं आहे. उलट तुमची केस वडगावच्या ताईंपेक्षा जड आहे, कारण हाड मोडलं की ती कायद्यानं गंभीर दुखापत, त्याला कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १०,००० पर्यंत दंड आहे.

हद्दीचं म्हणाल तर आता कायद्यानं कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर घ्यावीच लागते, तिकडं जा म्हणून परत पाठवता येत नाही. नंतर ती चंदगड तालुक्याच्या हद्दीतल्या पोलिसांकडं वर्ग होते. पण खरं सांगू, तुम्ही रोज त्याच रस्त्यानं जाता, तर सरळ तिकडंच जाऊन द्या, वर्ग व्हायच्या भानगडीत महिना जातो, आणि निदान एफआयआर मराठीत तरी वाचायला मिळेल. बेळगावच्या हॉस्पिटलचे कागद तिकडं तंतोतंत चालतात. दिवाणी दावाही इजा जिथं झाली किंवा हॉटेलवाला जिथं राहतो-धंदा करतो तिथंच लावायचा, म्हणजे तिकडंच, बेळगावात नाही. कुत्रं त्याचंच आहे हे आता तो नाकारणार बघा, दारात बसणारं भटकं आहे म्हणणार. म्हणून त्याचा पट्टा, हॉटेलच्या मागं ठेवलेली जेवणाची थाळी, रात्री ते कुठं झोपतं, याचे फोटो कुणाकडून तरी आधी काढून घ्या, मगच नोटीस पाठवा.

प्रश्न (शहापूर) : मी रोज संध्याकाळी गल्लीतल्या पाच-सहा कुत्र्यांना भात-दूध घालते. त्यातलं एक परवा एका आजींना चावलं. आता सगळी गल्ली म्हणते की तुम्हीच मालकीण, तुम्हीच पैसे द्या. मी फक्त खायला घालते, माझी चूक काय?

उत्तर : नुसतं खायला घातलं म्हणून कुणी मालक होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका, पंचायत यांची आहे. पण ताई, त्यातल्या एखाद्याला तुम्ही पट्टा घातलाय का, नाव ठेवलंय का, रात्री पॅसेजमध्ये घेताय का, डॉक्टरकडं स्वतःच्या नावावर नेलंय का? एकेक गोष्ट करत गेलं की कोर्टाला ते तुमच्या ताब्यातलं वाटायला लागतं. माया एकाच कुत्र्यावर जास्त असते आणि नेमकं तेच तुमच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावतं, हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरं, कुठं घालता हेही बघा. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलंय की रस्त्यात कुठंही खायला घालायचं नाही, पालिकेनं ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. त्याच आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडायची, पण रेबीज झालेली किंवा हिंस्र असलेली सोडायची नाहीत असंही आहे. पुढं ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन असल्या जागांतली कुत्री उचलून परत तिथं सोडू नका असा आदेश झाला. तेव्हा आजींच्या घराच्या पायरीजवळ भात ओतत असाल तर गल्लीचं म्हणणं अगदीच चूक नाही. जागा बदला, आरोग्य विभागाला त्या चावऱ्या कुत्र्याबद्दल लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज तुम्हीच दिलात तर गल्लीतल्या अर्ध्या लोकांची तोंडं तिथंच बंद होतील.

आजींना भरपाई कोण देणार? भटक्या कुत्र्यासाठी बोट पालिका आणि सरकारकडंच जातं. पंजाब आणि हरियाणा हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये आणि मांस निघालं असेल तर ०.२ सेंटीमीटर जखमेला किमान २०,००० असा दरच ठरवून दिला. तो निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही, पण आपल्या हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापुढं युक्तिवाद करताना तो दाखवता येतो. आजींच्या घरच्यांना तुमच्याशी भांडण्यात ताकद घालवण्यापेक्षा पालिकेला नोटीस द्या म्हणून सांगा, आणि इंजेक्शनला सोबत कुणी नसेल तर तुम्ही जा की, त्यात कुठला कायदा आड येतोय.

प्रश्न (निपाणी) : रॉटवायलरचं पिल्लू बुक केलंय, लोक म्हणतात या जातीवर बंदी आहे, पोलीस उचलून नेतील. खरं काय?

उत्तर : केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास, विक्री बंद करायला सांगितलं होतं, त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशी नावं होती. कर्नाटक हायकोर्टानं ते पत्र १० एप्रिल २०२४ ला रद्द केलं, कारण ज्यांचा संबंध त्यांचं ऐकूनच घेतलेलं नव्हतं. सगळ्यांचं ऐकून नवीन नियम करायला सरकारला मोकळीक आहे. म्हणजे त्या पत्राच्या जोरावर तुमचं पिल्लू कुणी उचलणार नाही.

पण बंदी नाही म्हणजे जबाबदारी नाही असं समजू नका. एवढी बोंबाबोंब झालेली जात घेतल्यावर मला स्वभाव माहीत नव्हता हे वाक्य तुम्हाला कधीच वापरता येणार नाही. घरात कोण सांभाळणार ते आधी ठरवा. मालक पुण्याला नोकरीला, आणि वीस-तीस किलोचं जनावर सत्तरीतली आई हातात पट्टा धरून फिरवतेय, असं चित्र मी निपाणीतपण बघितलंय आणि चिकोडीतपण. कलम २९१ ताबा बघतं, त्यामुळं त्यावेळी पट्टा हातात धरलेल्या आईचंही नाव तक्रारीत येऊ शकतं, तुमच्यासोबत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, त्याचं कार्ड जपून ठेवा. लहानपणापासून माणसांत फिरवा, तोंडाला जाळी घालायची सवय आताच लावा, मोठं झाल्यावर ते घालू देत नाही.

प्रश्न (अनगोळ) : भाडेकरूचं कुत्रं चावलं तर घरमालकावर येतं काय?

उत्तर : सहसा नाही, ताबा भाडेकरूचा. पण आवार सामायिक आहे, कम्पाउंडचं गेट तुमचं, ते मोडलंय आणि बाकीच्या भाडेकरूंनी तुम्हाला दोनदा सांगून झालंय, असं असेल तर दिवाणी दाव्यात तुम्हालाही ओढतील. गेट नीट करा आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुत्र्याची एक ओळ घाला. कुत्रंच पाळायचं नाही म्हणून अपार्टमेंट असोसिएशननं ठराव करणं मात्र चालत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना त्याविरुद्ध आहेत, लिफ्ट वापरू न देणंही त्यातच आलं.

प्रश्न (खानापूर तालुका) : शेजाऱ्याच्या कुत्र्यांनी आमच्या दोन शेळ्या फाडल्या, एक गाभण होती. विचारायला गेलो तर जंगलात सोडलेल्या शेळ्या, वाघानं नाहीतर कोल्ह्यानं धरल्या असतील म्हणाले. चारच दिवसांत त्यांचं एक कुत्रं विष खाऊन मेलं आणि आता ते आमच्यावर केस करतो म्हणालेत. आम्ही काहीएक केलेलं नाही.

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू देऊ नका. शेळ्यांसाठी कलम २९१ चालत नाही, ते माणसाच्या जिवासाठी आहे. पण शेळी ही तुमची मालमत्ता, तिची किंमत, पोटातल्या पिल्लाचं नुकसान, दुधाचं नुकसान हे निष्काळजीपणाचं म्हणून दिवाणी दाव्यात मागता येतं. अडचण पुराव्याची. बिबट्या गळ्याला धरतो आणि ओढून नेतो, गावातली कुत्री मागच्या मांड्या, शेपटीकडचा भाग, पोट असं अनेक ठिकाणी फाडतात आणि बऱ्याचदा खातसुद्धा नाहीत. हे पशुवैद्य बघताक्षणी ओळखतात. तुम्ही शेळ्या पुरून टाकल्या असतील तर फोटो तरी आहेत का ते घरातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये शोधा. पुढं असं झालं तर मेलेल्या जनावराला हात लावायच्या आधी सरकारी पशुवैद्यांना बोलवून दाखला घ्या, पंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे विकास अधिकाऱ्यांना, कळवा आणि वन्यप्राण्याचा संशय असेल तर फॉरेस्टलापण, कारण बिबट्यानं मारलं असं ठरलं तर तिकडून नुकसानभरपाई असते, कुत्र्यानं मारलं तर नसते.

विषाचं गंभीर आहे. जनावराला विष घालून मारणं कलम ३२५ खाली गुन्हा, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, कुत्रं पाळीव असो की भटकं. म्हणजे कुत्रं चावलं तर मालकाला ६ महिने आणि त्या कुत्र्याला मारलं तर मारणाऱ्याला ५ वर्षं, हे ऐकून लोक माझ्यावरच चिडतात, पण कायदा असा आहे आणि रागाच्या भरात थायमेटसारखं कीटकनाशक कालवणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा. तुम्ही केलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, संशयावर शिक्षा होत नाही, त्यांना पोस्टमार्टेम आणि व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवावा लागेल आणि ते विष तुम्ही घातलं हे वेगळं सिद्ध करावं लागेल. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं एक अक्षर लिहू नका, बरं झालं मेलं असलं तर अजिबात नको, तोच मेसेज छापून कोर्टात येतो. पोलिसांनी बोलावलं तर जा, शेळ्यांची तक्रार तिथंच लेखी द्या आणि पोच घेऊन या. गाभण शेळीला त्या आठवड्यात बाजारात काय भाव होता ते दोन व्यापाऱ्यांकडून सही-तारखेसह लिहून घ्या, दाव्यात पहिला प्रश्न त्याचाच येतो.